सुकण्याचा प्रश्न : देहगंधनाशक लेपांच्या आधारद्रव्याचा इतिहास, जालना परिसराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

काखेतील घामाचा वास नाहीसा करणारा द्रव घरीच तयार करावा आणि तोंडाशी फिरती गोळी बसविलेल्या कुपीत, म्हणजे ज्याला बाजारात 'रोल-ऑन' म्हणतात त्या कुपीत, भरून वापरावा, असे प्रयोग आज अनेक घरांतून होतात. त्यांतील घटकद्रव्ये बहुधा परिचित असतात : तुरटी, गुलाबपाणी, खाण्याचा सोडा, ग्लिसरीन, एखादे सुगंधी तेल. अशा द्रवाने वासाला थोडाफार आळा बसतोही. तथापि त्याचा एक दोष वापरणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येतो. तो लवकर सुकत नाही. काख चिकट राहते, सदऱ्याच्या किंवा चोळीच्या बाहीला ओल लागते आणि वाळल्यावर कापडावर पांढुरका डाग दिसतो.

हा दोष वरवर पाहता किरकोळ आणि केवळ रसायनशास्त्राच्या कक्षेतील वाटतो. वस्तुतः त्याच्यामागे दीर्घ इतिहास आहे. देहगंधनाशक द्रव्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः सुगंधाकडे वेधले जाते. चंदन, कस्तुरी, अगरू, कापूर यांची नावे, त्यांचा व्यापार आणि त्यांची राजदरबारी प्रतिष्ठा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या द्रव्यात हे सुगंध कालवले किंवा विरघळवले जातात, त्या आधारद्रव्याकडे मात्र क्वचितच पाहिले जाते. लेप शुष्क चूर्णाचा असावा, पाण्यात कालवलेला असावा, तेलातील असावा की मद्यार्कातील असावा, हा प्रश्न सुगंधाच्या निवडीपेक्षा अधिक निर्णायक आहे. कारण लेप अंगावर किती वेळ ओला राहील हे त्यावरच ठरते. सुगंध बहुतेक काळी घराच्या आवाक्यात राहिला, परंतु लवकर सुकणारे आधारद्रव्य घराच्या आवाक्यात कधीच नव्हते, हे प्रस्तुत विवेचनातून दिसून येईल. त्याची कारणे काही अंशी पदार्थांच्या गुणधर्मांत आहेत आणि काही अंशी राज्यसंस्थेच्या कायद्यांत आहेत.

२. वैद्यकातील दोन योग

या विषयाचा सर्वांत स्पष्ट असा प्राचीन उल्लेख चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या, आरग्वधीय नावाच्या अध्यायात सापडतो. बाह्योपचारासाठी सांगितलेल्या बत्तीस चूर्ण-प्रदेहांचा हा अध्याय आहे. त्याच्या अखेरच्या भागात दोन योग एकापाठोपाठ दिलेले आहेत. पहिला शिरीष, लामज्जक, नागकेशर आणि लोध्र यांचा. तो त्वचेचे दोष आणि अतिरिक्त घाम दूर करतो. दुसरा तमालपत्र, वाळ्याच्या जातीचे सुगंधी मूळ, लोध्र, उशीर आणि चंदन यांचा. तो शरीराची दुर्गंधी दूर करतो.

हे दोन योग शेजारी असले तरी एक नव्हेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. घाम रोखणे आणि वास घालविणे ही दोन निराळी कार्ये आहेत, हा भेद येथे मुळातच गृहीत धरलेला दिसतो. आजच्या उद्योगातही घर्मरोधक आणि गंधनाशक हे दोन वर्ग वेगळे मानले जातात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की दोन्ही योगांचे प्रयोगस्वरूप भिन्न आहे. घाम रोखणारा योग 'प्रघर्ष' आहे, म्हणजे चूर्ण अंगावर घासावयाचे आहे. वास घालविणारा योग 'प्रदेह' आहे, म्हणजे तो लेप म्हणून लावावयाचा आहे. ज्या ठिकाणी ओल कमी करावयाची त्या ठिकाणी ओला लेप न घालता कोरडे चूर्ण घासावे, हा विवेक त्यात दिसतो. दोन्ही योगांत समान असलेले द्रव्य एकच आहे, ते म्हणजे लोध्र. आणि लोध्र हे कषाय, म्हणजे तुरट रसाचे द्रव्य आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात लेपांचे वर्गीकरण आहे. प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे तीन प्रकार तेथे मानले असून त्यांची लक्षणे सांगताना लेप पातळ की जाड आणि सुकणारा की न सुकणारा, हेच निकष लावलेले आहेत. प्रलेप शीत आणि पातळ असतो. प्रदेह जाड आणि न सुकणारा असतो. पुढे असेही सांगितले आहे की, पीडनासाठी मुद्दाम लावलेला लेप वगळता, लेप सुकू लागला असता तो तसाच ठेवू नये. कारण सुकलेला लेप निरुपयोगी होतो आणि वेदना उत्पन्न करतो.

या विधानातून प्राचीन लेपकल्पनेचा गाभा कळतो. वैद्याच्या दृष्टीने लेपाचे कार्य तो ओला असेपर्यंतच चालते. सुकणे हा त्याचा गुण नसून त्याच्या कार्याचा शेवट आहे. आजच्या वापरणाऱ्याची अपेक्षा याच्या नेमकी उलट आहे. द्रव क्षणार्धात सुकावा आणि त्याचे कार्य सुकल्यानंतर दिवसभर चालावे, असे त्याला वाटते. लेप लावून स्वस्थ बसलेला रुग्ण आणि अंगावर शिवलेला कपडा चढवून कामावर निघालेला मनुष्य यांच्या गरजांतील हे अंतर आहे. लवकर सुकण्याची मागणी ही मूलतः शिवलेल्या बाहीच्या पोशाखातून आणि घड्याळाच्या दिनक्रमातून आलेली आहे, असे अनुमान यावरून काढता येते.

३. गंधशास्त्र आणि मराठी भाषा

वैद्यकाच्या जोडीने गंधयुक्ती नावाचे एक स्वतंत्र शास्त्र भारतात विकसित झाले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्ये निवडली असता १८२० मिश्रणे होतात, ही गणना त्या अध्यायात असल्यामुळे गणिताच्या इतिहासातही त्याला स्थान मिळाले आहे. या गणनेत मोजली जाते ती सुगंधी द्रव्यांची संख्या आणि त्यांची परिमाणे. आधारद्रव्य मोजले जात नाही.

दख्खनच्या दृष्टीने अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. आजच्या जालना जिल्ह्याचा प्रदेश त्या काळी कल्याणीच्या सत्तेच्या परिघात होता. पुढे तो देवगिरीच्या यादवांकडे गेला. मानसोल्लासात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना स्नान आणि विलेपन यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे. आधी अंगाला तेल, मग उटणे, मग स्नान आणि त्यानंतर विलेपन असा हा क्रम आहे. त्याला वेळ लागतो, सेवक लागतात, आणि विलेपन अंगावर सावकाश वाळू देण्याइतकी फुरसत लागते. राजाच्या बाबतीत सुकण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याला घाई नसते.

गंधशास्त्र केवळ संस्कृतात आणि केवळ दरबारात राहिले नाही, याचा पुरावा मराठीच्या अभ्यासकांना विशेष मोलाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात एका दुर्मिळ हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यात गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' हा कर्त्याचे नाव नसलेला ग्रंथ, असे दोन ग्रंथ होते; आणि गंधवादावर मराठी टीका होती. गोडे यांनी या सटीक ग्रंथाचा काळ स्थूलमानाने इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. पुढे रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी हे दोन्ही ग्रंथ संपादित केले आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

गंधसाराची रचना तीन प्रकरणांची आहे : परिभाषा, योग आणि निघंटू. परिभाषेत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. चूर्णाला द्रवाच्या पुटा देणे, शिजविणे, गंध जागविणे, तीव्र द्रव्याने त्याला भेदणे, धूप देणे आणि फुलांनी वासित करणे, असा त्यांचा स्थूल अर्थ होतो. या सहाही क्रिया पाणी, तेल, धूर आणि फुले यांवर चालतात. त्यांत मद्यार्क गाळून त्यात सुगंध विरघळविण्याची क्रिया नाही. मराठी टीकेचे अस्तित्व हे दर्शविते की ही कृती प्रत्यक्ष करणाऱ्या कोणाला तरी ती मराठीत समजावून घेण्याची गरज होती. चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान मराठी ही सुगंधाच्या कारागिरीची भाषा होती, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात भक्तिवाङ्मयाच्या छायेत झाकली गेली आहे.

४. जालना, अबुल फजल आणि ऐन-इ-अकबरी

कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या जालना शहराचा या विषयाशी एक अप्रत्यक्ष संबंध येतो. अकबराच्या काळी हे गाव त्याच्या एका सरदाराकडे जहागिरीदाखल होते आणि अबुल फजल काही काळ येथे राहिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आढळते. अकबराच्या दक्षिणेतील मोहिमेच्या अखेरच्या वर्षांत अबुल फजल दख्खनेत होता आणि १६०२ मध्ये उत्तरेकडे परत जात असता मारला गेला. त्यामुळे ही नोंद कालदृष्ट्या संभाव्य ठरते. मात्र त्याच्या 'ऐन-इ-अकबरी'ची रचना या मोहिमेच्या आधीच झाली होती. त्या ग्रंथातील सुगंधाचे योग जालन्यात लिहिले गेले असे म्हणणे म्हणूनच अनैतिहासिक ठरेल. त्या योगांचे महत्त्व निराळे आहे. मोगल अंमलाबरोबर सुगंधाची जी पद्धत दख्खनेत दृढ झाली, तिचा तो अधिकृत तपशील आहे.

ऐनमधील सुगंधविषयक प्रकरणात बादशहाला सुगंधाची आवड असल्याचे सांगून अनेक मिश्रणांची प्रमाणे दिली आहेत. त्यांपैकी 'संतोक' हे मिश्रण त्वचा टवटवीत ठेवण्यासाठी वापरीत. त्यात दीड तोळा जवादी कस्तुरी, एक तोळा चुवा, दोन मासे चमेलीचा अर्क आणि दोन बाटल्या गुलाबपाणी असे. उन्हाळ्यात त्वचा थंड राखण्यासाठी 'अरगजा' वापरीत. त्यात पाऊण शेर चंदनाबरोबर चुवा, कापूर इत्यादी द्रव्ये आणि तब्बल अकरा बाटल्या गुलाबपाणी घालीत.

गंधसाराशी तुलना करता येथे झालेला बदल ठळकपणे दिसतो. आधारद्रव्य म्हणून ऊर्ध्वपातनाने काढलेले गुलाबपाणी मोठ्या प्रमाणात आले. लेप त्यामुळे पातळ झाला, आणि पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेत असल्याने तो थंडही वाटू लागला. उन्हाळ्यासाठी अरगज्याची शिफारस करण्यात हेच तत्त्व आहे. तरीही गुलाबपाणी हे अखेर पाणीच होय, ते सावकाशच उडते. दुसऱ्या बाजूला कनौजसारख्या ठिकाणच्या अत्तरांचे आधारद्रव्य चंदनाचे तेल होते. ते सुगंध टिकविते, परंतु स्वतः जवळजवळ उडतच नाही. म्हणून अत्तर अंगाला फासत नाहीत; त्याचा फाया कानात ठेवतात किंवा ते कपड्याला बोटभर लावतात. अत्तर वापरण्याच्या या शिष्टाचाराचे मूळही आधारद्रव्याच्या स्वभावातच आहे.

५. घरातील परंपरा : उटणे आणि तुरटी

दरबारी परंपरेच्या बरोबरीने घरगुती परंपरा चालत आली. मराठवाड्यातील घरांत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला उटणे लागते. त्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन आदी द्रव्यांची चूर्णे असतात. त्यांतील वाळा आणि चंदन चरकाच्या गंधनाशक प्रदेहातही आहेत. उटणे मात्र लावून धुवून टाकावयाचे असते. ते अंगावर राहत नाही, म्हणून त्याच्या सुकण्याचा प्रश्नही येत नाही.

अंगावर राहणारे घरगुती द्रव्य म्हणजे तुरटी. रसशास्त्राच्या ग्रंथांत तुवरी किंवा सौराष्ट्री या नावांनी तिचे वर्णन येते. दुसऱ्या नावातून तिचे एक उगमस्थान सूचित होते. मराठी नाव तर तिच्या रसावरूनच पडले आहे. चरकाने लोध्राच्या तुरट रसाकडून जे कार्य करून घेतले, तेच कार्य तुरटी अधिक प्रभावीपणे करते. ती त्वचेवरील प्रथिने आवळते आणि तिचे द्रावण आम्लधर्मी असल्याने जंतूंच्या वाढीस प्रतिकूल ठरते. दाढी झाल्यावर न्हावी तुरटीचा खडा ओला करून गालावर फिरवितो. गढूळ पाणी निवळण्यासाठीही घरात हाच खडा फिरविला जातो. हीच वस्तू काखेत फिरविण्याची रीत त्यामुळे सहज सुचणारी होती.

या रीतीतील एक बारकावा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. खडा ओला करून फिरविला असता त्वचेवर पाण्याचा अत्यंत पातळ थर बसतो आणि तो लगेच वाळतो. तुरटीचे पाणी करून ते हाताने चोपडले तर थर जाड होतो आणि वाळण्यास वेळ लागतो. द्रव्य एकच, आधारद्रव्यही एकच. फरक पडतो तो थराच्या जाडीचा. सुश्रुताच्या वर्गीकरणातील पातळपणाचा निकष येथे पुन्हा भेटतो.

६. गोळीची कुपी

आधुनिक गंधनाशकांचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १८८८ मध्ये फिलाडेल्फिया येथे 'मम' नावाचे मलम निघाले. त्यात जस्ताचा क्षार होता आणि ते बोटाने लावावे लागे. १९०३ मध्ये आलेल्या 'एव्हरड्राय'मध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड होते. नावातच 'कोरडे' असा अर्थ असला तरी ते वाळण्यास वेळ लागे. त्यानंतरच्या दशकात एडना मर्फी हिने 'ओडोरोनो' बाजारात आणले. तिच्या शल्यवैद्य वडिलांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हात घामेजू नयेत म्हणून ते तयार केले होते. ते लाल रंगाचे आणि तीव्र आम्लधर्मी होते. त्वचेची आग होई आणि कपडे खराब होत. तेथील वापरणाऱ्यांची तक्रार आजच्या मराठी घरातील तक्रारीसारखीच होती : वाळेपर्यंत थांबावे लागते आणि बाही बिघडते.

या अडचणीवर दोन दिशांनी उपाय झाले. पहिला रसायनाचा होता. ॲल्युमिनियमच्या क्षारांची तीव्रता कमी करण्यात आली आणि आधारद्रव्यात मद्यार्क वापरला जाऊ लागला. दुसरा उपाय उपकरणाचा होता. लास्लो बिरो याने १९३८ मध्ये पेटंट घेतलेल्या बॉलपेनात फिरती गोळी शाईचा पातळ आणि एकसारखा थर कागदावर उमटविते. हेच तत्त्व मोठ्या गोळीस लावून ब्रिस्टल-मायर्स कंपनीतील हेलन बार्नेट डिसेरेन्स यांनी काखेत फिरविण्याची कुपी विकसित केली आणि १९५२ मध्ये ती बाजारात आली. ओल्या तुरटीचा खडा जे काम पूर्वीपासून करीत होता, तेच काम, म्हणजे द्रवाचा थर पातळ ठेवण्याचे काम, गोळी करू लागली. या दृष्टीने रोल-ऑन हा द्रव्याचा शोध नसून थराचा शोध होय.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, शेली, हर्ली आणि निकोल्स या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रयोगांनी दाखविले की काखेतील विशिष्ट ग्रंथींतून स्रवणारा ताजा घाम जवळजवळ वासरहित असतो आणि जंतूंच्या क्रियेनंतरच त्याला दुर्गंधी येते. यामुळे घाम रोखणे आणि वास घालविणे हा चरकाच्या दोन योगांतील भेद शरीरशास्त्राच्या आधारावर स्पष्ट झाला. वास घालविण्यासाठी घाम थांबविणे अपरिहार्य नाही. जंतूंना आवर घालणे पुरेसे आहे.

७. मद्यार्क आणि राज्यसंस्था

मद्यार्क हे लवकर सुकणारे आधारद्रव्य असण्याचे कारण साधे आहे. तो ७८ अंशांस उकळतो, पाणी १०० अंशांस. एक ग्रॅम पाण्याची उकळबिंदूस वाफ होण्यास सुमारे २२६० ज्यूल उष्णता लागते. मद्यार्कास सुमारे ८४० पुरते. शिवाय तो स्वतः जंतुनाशक आहे आणि सुगंधी तेले त्यात सहज विरघळतात. मग घरगुती कृतीत तो का आला नाही? याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, आबकारीच्या इतिहासात आहे.

मद्यार्क हा राज्याच्या महसुलाचा आणि नंतर राज्याच्या नैतिक धोरणाचा विषय राहिला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने, म्हणजे कोलनवॉटर आणि लव्हेंडरवॉटरसुद्धा, तिच्या कक्षेत आली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी दिलेल्या निर्णयात दारूबंदी सर्वसाधारणपणे वैध ठरविली. मात्र मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये बाळगण्यास, विकण्यास आणि वापरण्यास आडकाठी करणारा भाग अवैध ठरविला. भारताच्या घटनात्मक इतिहासातील हा निर्णय कायद्याचा अवैध भाग वैध भागापासून वेगळा काढण्याच्या तत्त्वासाठी अभ्यासला जातो. प्रसाधनाच्या इतिहासात त्याचा अर्थ असा की सुगंधी पाण्याची बाटली घरात ठेवण्याचा हक्क न्यायालयात जाऊन मिळवावा लागला.

जालना त्या वेळी हैदराबाद राज्यात होते आणि तेथील आबकारीची व्यवस्था स्वतंत्र होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये या नव्या भागांसही लागू करण्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. दरम्यान केंद्राने १९५५ मध्ये औषधी व प्रसाधनद्रव्यांवरील उत्पादनशुल्काचा कायदा केला. तो २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत रद्द झाला. या सर्व नियमनाचा परिणाम एकाच दिशेचा होता. तयार प्रसाधन विकत घेण्यास ग्राहक मोकळा झाला, परंतु शुद्ध मद्यार्क मात्र परवान्याच्या कक्षेतच राहिला. गोदाकाठच्या तालुक्यांत ऊस पिकतो आणि मद्यार्क उसाच्या मळीपासून होतो. तथापि शिवारातील उसापासून घरातील कुपीपर्यंतची वाट कारखान्यातूनच जाते.

रंगकामासाठी मिळणारे स्पिरिट हा याला पर्याय नव्हे. ते पिण्यास अयोग्य करण्यासाठी त्यात बहुधा मेथिल अल्कोहोलासारखे विषारी द्रव्य मिसळलेले असते आणि ते त्वचेवाटेही शरीरात शिरू शकते. २०२० च्या कोरोना साथीत मात्र हात निर्जंतुक करण्याचा मद्यार्कयुक्त द्रव प्रथमच घरोघरी आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात त्याचे प्रमाण ८० टक्के मद्यार्क आणि अवघे १.४५ टक्के ग्लिसरीन असे आहे. हातावर चोळताच तो सुकतो, हा अनुभव त्या वर्षी सर्वांनी घेतला. घरी केलेला गंधनाशक द्रवही असाच सुकावा, ही अपेक्षा त्या अनुभवाने अधिक दृढ केली असल्यास नवल नाही.

८. घरगुती योगाची सीमा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. मद्यार्क मिळाला असे मानले तरी तो तुरटीच्या पाण्यात घालून प्रश्न सुटत नाही. तुरटी पाण्यात विरघळते. २० अंश उष्णतेस १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅम. मद्यार्कात मात्र ती विरघळत नाही. तिच्या संपृक्त द्रावणात मद्यार्क ओतला असता तिचे स्फटिक तळाशी बसतात आणि तेच पुढे गोळीला अडकतात. घराला परिचित असलेले सर्वांत प्रभावी द्रव्य आणि सर्वांत लवकर सुकणारे आधारद्रव्य एका कुपीत नांदू शकत नाहीत. कारखान्यांनी मद्यार्काशी जुळणारे ॲल्युमिनियमचे इतर क्षार आणि सहज उडणारी सिलिकोन तेले वापरून हा पेच सोडविला. घराला ते साधन नाही.

इतर घटकांचीही हीच कथा आहे. खाण्याचा सोडा तुरटीच्या पाण्यात घातला की फेस येतो. कर्बवायू निघून जातो आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका उरतो. दोन्ही द्रव्यांचा गुण एकमेकांना मारून जातो. सोडा एकटा वापरला तरी तो अल्कधर्मी असल्याने अनेकांच्या त्वचेला मानवत नाही. ग्लिसरीन त्वचा मऊ ठेवते, पण ते हवेतील ओल शोषून घेते. त्याचे प्रमाण वाढले की द्रव सुकतच नाही. घट्टपणासाठी डिंक घातला तर गोळीतून गळती थांबते, परंतु थर जाड आणि चिकट होतो. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. म्हणून कुपीतील पहिल्या फटकाऱ्यात नुसते पाणी आणि शेवटी नुसते तेल येते.

यावरून घरगुती योगाचे दोनच सुसंगत मार्ग उरतात. एक म्हणजे मद्यार्कप्रधान, तुरटीविरहित आणि ग्लिसरीन नाममात्र असलेला द्रव. तो वास रोखतो, घाम रोखत नाही, लवकर सुकतो. मात्र ताज्या दाढी केलेल्या त्वचेवर त्याची आग होते आणि तो ज्वालाग्राही असल्याने जपून ठेवावा लागतो. दुसरा म्हणजे तुरटीचे सौम्य, संपृक्ततेच्या बरेच खाली ठेवलेले द्रावण. डिंक आणि ग्लिसरीन टाळून आणि गोळीने अगदी पातळ थर देऊन ते वापरावयाचे. द्रावण सौम्य असल्यामुळे पांढरा डागही कमी पडतो. जालन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात असा थर लवकर वाळतो. पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत त्याला वेळ लागतो. एकाच कृतीविषयी निरनिराळ्या प्रदेशांतून निरनिराळे अनुभव सांगितले जातात, त्याचे एक कारण हवेतील या फरकात आहे.

९. समारोप

चरकाचा कोरडा प्रघर्ष, गंधसाराच्या पुटा, ऐनमधील गुलाबपाणी, घरातील तुरटीचा खडा, बॉलपेनवरून सुचलेली गोळी आणि दारूबंदीच्या कायद्यातून वाट काढणारे कोलनवॉटर हे सर्व एकाच इतिहासाचे टप्पे आहेत. त्या इतिहासाचा धागा सुगंधातून जात नाही, सुकण्यातून जातो. राजाला सुकण्याची घाई नव्हती, वैद्याला सुकणे नको होते. ज्याला कपडा चढवून कामाला जावयाचे आहे त्यालाच ते हवे होते. लोखंडाच्या कारखान्यांसाठी आणि बियाण्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या आजच्या जालन्यात अशांचीच संख्या मोठी आहे. घाम हा त्यांच्या कष्टाचा भाग आहे आणि त्याचा वास ही त्यांना समाजात वावरताना जाणवणारी अडचण आहे.

प्रसाधनाचा इतिहास हा विलासाचा इतिहास होय, अशी समजूत अभ्यासकांत रूढ आहे. राजवाड्यातील विलेपनाची वर्णने वाचून ती निर्माण होणे स्वाभाविक आहे. परंतु आधारद्रव्याच्या अंगाने पाहिले असता हाच इतिहास श्रमाचा, वेळेचा आणि साधनांवरील अधिकाराचा इतिहास ठरतो. घरगुती कुपी ओली राहते ती करणाऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे. घराच्या हाती जी द्रव्ये आली त्यांचा स्वभावच तसा आहे. आणि दुसरी द्रव्ये घराच्या हाती येऊ दिली गेली नाहीत. मराठी टीकेसह लिहिल्या गेलेल्या गंधवादाचा या दृष्टीने पुन्हा अभ्यास झाला, तर मराठी कारागिरांनी आधारद्रव्यांची निवड कशी केली यावर अधिक प्रकाश पडेल. भाषाशास्त्राच्या आणि वैद्यकेतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावे असे ते काम आहे.